विसाव्या ओळीतला आठ

विशाखा आमच्या घरी राहायला आली त्या दिवशी आईनं पाटोड्यांचा रस्सा केला. पाटोड्यांचा रस्सा म्हणजे आमच्याकडे वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. बेसन घोटायचं, थापायचं, वड्या पाडायच्या, वर खोबऱ्याखसखशीचं वाटण, आणि रश्शावर बोटभर तर्री. मी अकरावीला वर्गात पहिली आले तेव्हा आईनं शिरा केला होता. शिरा दहा मिनिटांत होतो. हा हिशेब मी तेव्हा ताटावर बसल्या बसल्या केला आणि आज सत्तरीला टेकले तरी विसरलेली नाही, यावरून माझा स्वभाव कसा ते वाचणाऱ्यानं ओळखावं. विशाखा माझ्या काकांची मुलगी, माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. काका शहपुऱ्याच्या तहसिलीत कारकून होते, तिथं बी.एस्सी.ची सोय नव्हती, म्हणून ती जबलपुरातल्या चेरीतालच्या आमच्या दोन खोल्यांत आली. खिडकीजवळची पलंगाची बाजू तिला मिळाली. बाहेरून आलेल्या पोरीला वारा लागला पाहिजे, असं आईचं म्हणणं. मी त्या खिडकीजवळ सतरा वर्षं झोपले होते.

खरं सांगायचं तर तिच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि माझं दुखणं तेच होतं. सकाळी माझ्या आधी उठायची, अंगण झाडून चहा ठेवायची, संध्याकाळच्या बुद्धवंदनेला तिचा आवाज सगळ्यांत स्वच्छ. आम्ही जबलपूरची पोरं घरात मराठीत सुरू व्हायचो आणि वाक्याच्या मध्यावर हिंदीत उतरायचो. बाबांना त्याचा फार राग. विशाखाची आई अमरावतीकडची, त्यामुळे ती अस्सल वऱ्हाडी बोलायची आणि बाबांचा चेहरा खुलायचा. "पाह्य सुजा, भाषा अशी असते," ते म्हणायचे. मग मी मुद्दाम म्हणायची, "अच्छा, ठीक है," आणि उठून जायची.

बाबा लष्कराच्या कारखान्यात गेज तपासायच्या खात्यात होते. पहाटे भोंगा झाला की सगळ्या चेरीतालातून सायकली निघायच्या, त्यात त्यांची एक. तिथं काय बनतं हे आम्ही विचारायचं नाही आणि ते सांगायचे नाहीत. पण मोजायचं कसं हे मात्र आम्हाला जेवताखाताना ऐकावं लागे. गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, दोन टोकं असतात. एका टोकात तुकडा गेला पाहिजे, दुसऱ्यात अडला पाहिजे. तसं झालं की माल पास. मधल्या फटीएवढी चूक चालते, कारण हजाराव्या भागाची चूक हजाराव्या भागाचीच राहते, ती वाढून हातभर होत नाही. हे बाबांचं सगळ्यांत आवडतं वाक्य. दुसरा त्यांचा नियम असा की कुठलंही माप एकाच्या हातचं धरायचं नाही. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजायचं, आणि जुळलं की दोघांनी सही करायची. वर मोजणाऱ्याची, खाली तपासणाऱ्याची. हा नियम त्यांनी घरातही लावला होता. आईनं पापडाचं पीठ मोजलं की मी तपासायचं. आई म्हणायची, "घर आहे का फॅक्टरी आहे हे?" आणि मोजू द्यायची.

शेजारी एक पंडितजी पत्रिका बघायचे. त्यांच्याकडे लोकांची रांग असायची आणि बाबांना ते सहन व्हायचं नाही. विहारात ऐकलेलं ते आम्हाला आपल्या भाषेत सांगायचे: हे आहे म्हणून ते आहे, हे गेलं की ते जाते, मधात नशीब-बिशीब काही नाही. "कारण आहे म्हणजे मोजता येते. मोजता येते म्हणजे पुढचं सांगता येते. ग्रह काहून पाह्यजेत?" मला हे पटलेलं होतं. आजही यातला अर्धा भाग पटतो. कुठला अर्धा, ते कळायला मला स्वतःच्या हातानं एक नीच काम करावं लागलं.

आम्ही दोघी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. मिश्रा मॅडम आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायच्या. पांढरी साडी, खडूनं भरलेली बोटं, आणि वर्गात कधी आवाज चढवायच्या नाहीत. दूरच्या एका मोठ्या संस्थेत महिनाभराचं उन्हाळी शिबिर होतं; आमच्या कॉलेजातून एकच मुलगी जायची होती. तिथं खरे संशोधक शिकवणार, खरी यंत्रं बघायला मिळणार. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या संस्थेचं नाव मी वहीच्या मागच्या पानावर शंभरदा लिहिलं असेल. मॅडमनी त्या निवडीसाठी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांनी एक गणित दिलं, तळ्यातल्या माशांचं. तळं किती भरलंय तो आकडा घ्यायचा, जेवढा भाग रिकामा आहे त्यानं गुणायचं, आलेल्याची चौपट करायची. ते पुढच्या वर्षीचे मासे. पुन्हा तेच, पुन्हा तेच. तीन दशांशांपासून सुरू केलं की पुढच्या वर्षी शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी, त्याच्या पुढच्या वर्षी निम्म्याहून थोडं जास्त. दशांशानंतर चार आकडे लिहायचे आणि साठ वर्षांचा आलेख काढून आणायचा. कॉलेजात कॅल्क्युलेटर एकच होता. मॅडमनी तो उचलला आणि म्हणाल्या, "विशाखा, ये तुम रखो. सुजाता, तुम इसके साथ बैठ जाना."

साथ बैठ जाना. घरी येईपर्यंत मी तेच तीन शब्द घोळवत राहिले. विशाखा रस्ताभर तो कॅल्क्युलेटर रुमालात गुंडाळून छातीशी धरून चालत होती आणि म्हणत होती, "सुजा, आपण दोघी मिळून करू ना." मला तिच्या 'दोघी'चा संताप आला. दान करणारी माणसं असंच बोलतात. घरी बाबांनी ऐकलं आणि कारखान्याचा नियम लावून मोकळे झाले. विशाखानं करायचं, तिचं पुरं झालं की मी तिची वही न बघता पहिल्यापासून पुन्हा करायचं, दोन्ही कागद रविवारी त्यांच्यापुढे ठेवायचे. एका बैठकीला दहाच ओळी, कारण थकलेला डोळा खोटं पाहतो. "अन् तपासणारी कमी नसते बरं सुजा," ते म्हणाले, "तपासणाऱ्याशिवाय माल बाहेर जात नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोन बैठकांत तिच्या वीस ओळी झाल्या आणि काकांना ताप आल्याचा निरोप आला म्हणून ती दोन दिवसांसाठी शहपुऱ्याला गेली. दुपारची वेळ होती. आई गच्चीवर सांडगे घालत होती, खाली कुणाच्या तरी घरी मिरची कांडत होते आणि सगळ्या आळीला ठसका लागला होता. तिची वही पलंगावर, माझ्या पूर्वीच्या खिडकीजवळ उघडी पडली होती. विसाव्या ओळीच्या शेवटी तीन होता. आम्ही इंग्रजी आकडे लिहायचो. त्या तीनाला डावीकडून दोन छोट्या कमानी जोडल्या की त्याचा आठ होतो. मी तिच्याच कंपासपेटीतून तिचंच पेन घेतलं. हे मी रागाच्या भरात केलं असं म्हणायची सोय नाही, कारण मी चांगला विचार केला होता. मी गेज तपासणाऱ्याची मुलगी. किती चूक करायची हे मला ठाऊक होतं. पहिल्या आकड्याला हात लावला असता तर विशाखाच्या लगेच लक्षात आलं असतं. चौथ्या आकड्यातला पाचाचा फरक साठाव्या ओळीपर्यंत तेवढाच राहील, फार तर थोडा वाढेल. तिचा कागद माझ्या कागदाशी शेवटच्या आकड्यात जुळणार नाही, बाबा म्हणतील पोट्टीचा हात कच्चा आहे, मॅडमच्या कानावर जाईल. मला तिला बुडवायचं नव्हतं. फक्त नापास करायचं होतं.

ती परतली, विसाव्या ओळीवरून पुढं गेली आणि साठ ओळी पूर्ण केल्या. मग मी पहिल्यापासून साठ केल्या, अगदी प्रामाणिकपणे. रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी चटईवर दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि बोट ठेवत खाली यायला लागले. एकोणीसपर्यंत ठीक. विसाव्याला त्यांचं बोट थांबलं. तीन आणि आठ. "हं," ते म्हणाले आणि पुढं सरकले. एकविसाव्याला फरक तिपटीहून जास्त. बाविसाव्याला त्याच्याही दुप्पट. पंचविसाव्यापर्यंत दोन्ही तळी साधारण सारखी दिसत होती. तिसाव्याच्या आसपास एकीकडे तळं माशांनी तुडुंब आणि दुसरीकडे तळाशी चार मासे. त्याच्या पुढं तर दोन्ही कागदांचा एकमेकांशी काही संबंधच राहिला नव्हता. बाबांनी कागद उलटून पाहिले, कॅल्क्युलेटरचं बटण दाबून दोन दुणे चार येतात का ते पाहिलं. मग म्हणाले, "असं होत नाही." तीनदा म्हणाले. एवढीशी ठिणगी टाकली होती मी, आणि समोर सगळं घर पेटलेलं.

विशाखानं एकोणिसाव्या ओळीवरून विसावी पुन्हा काढून पाहिली. तीन आला. तिनं वहीतल्या त्या आठाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "माझ्या हातून आठ पडला मोठेबाबा," ती बाबांना म्हणाली. "कसा पडला मले माहीत नाही. सुजाचं बरोबर आहे." तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास. अशी तपासणी पाह्यजे." ज्या थापेसाठी मी तीन वर्षं जळत होते ती अशी मिळाली.

तिच्या जागी मी असते तर दार लावून रडले असते आणि कागद पुन्हा उतरवून गप्प बसले असते. विशाखाही रात्री जेवली नाही, पण सकाळी उठून तिनं एक वेगळंच काम सुरू केलं. दहाव्या ओळीत तिनं मुद्दाम एकाचा फरक केला आणि पुढं गेली. मग पाचव्या ओळीत. मग पंधराव्या. दर वेळी तेच: थोडा वेळ बरोबर चालायचं आणि मग वाट सोडायची. तीन दिवसांनी बाबा चहा पीत असताना ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "मोठेबाबा, तुमचं मायक्रोमीटर कुठपर्यंत मोजते?"

"हजाराव्या भागापर्यंत."

"अन् त्याच्या पुढचं?"

"पुढचं लागत नाही."

"इथं लागते ना. इथं नशीब नाही, फासे नाहीत, एकच नियम आहे, तरी पुढचं सांगता नाही येत. चार आकडे घेतले तर पंधराएक वर्षांतच चुकते. आठ घेतले तर जराशी उशिरा चुकते, पण चुकतेच." ती बोलता बोलता थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी विचार करून राहिली, की निसर्ग स्वतः किती आकडे धरते? कुठंतरी त्याचेही संपत असतील, तर पुढं काय होणार हे त्यालेही माहीत नसेल. अन् संपतच नसतील, तर आपल्याले कधीच नाही समजणार."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे कारण असते, पण सांगता येत नाही. मी या दोन गोष्टी एकच समजत होतो पोरी." आयुष्यभर जपलेलं वाक्य माणूस असं चहाच्या कपाबरोबर खाली ठेवताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढं तीस वर्षं मी आमच्याच शहरातल्या राइट टाउनच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र अशी तीनच गोळ्यांची गोष्ट फळ्यावर काढली तरी तिचा दूरचा भविष्यकाळ कसा हातातून निसटतो, हे मी दर वर्षी शिकवायची. आता माझा भाचा मोबाइलवर माशांच्या हजार ओळी एका क्षणात काढून दाखवतो. पण निसर्गाकडे किती आकडे आहेत, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि माझ्याहून फार मोठ्या लोकांनाही ते मिळालेलं नाही. दर वर्षी वर्गात तो प्रश्न विचारताना मला एकच गोष्ट टोचायची, की तो मला सुचला नव्हता. मी चूक केली, तिनं प्रश्न केला. या वयात माणसानं असलं बोलू नये, पण मला अजूनही त्या प्रश्नाचा हेवा वाटतो.

विशाखानं तेव्हा सगळं लिहून काढलं. पहिल्याच पानावर लिहिलं, की विसाव्या ओळीची नोंद करताना माझ्या हातून तीनाऐवजी आठ लिहिला गेला आणि त्यामुळे हे लक्षात आलं. मी म्हटलं, "हे काहून लिहून राहिली? आपली चूक कोणी असं सांगते का?" ती म्हणाली, "तेच तर खरं आहे त्यातलं." बाबांनी खाली दोन रेघा ओढल्या. वरच्या रेघेवर तिनं सही केली. खालची माझी. मी पेन हातात घेतल्यावर बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तपासणारा आकड्याखाली सही करत नाही, सुजा. आपल्या डोळ्यानं जे पाह्यलं, त्याखाली करतो." त्यांना काही कळलं होतं असं नाही, हे ते कारखान्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. मी सही केली. छान, वळणदार केली. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बेटा, ये बात दुनिया में बड़े-बड़े लोग अभी समझ रहे हैं. तुम यहाँ तक खुद पहुँची हो." शिबिराला विशाखाचं नाव गेलं. माझ्या आठानं तिला तिथं पोचवलं, आणि हे जगात एकट्या मला ठाऊक होतं.

विशाखा शिबिर पूर्ण करून आली, पण एम.एस्सी.ला तिनं नाव घातलं नाही. बँकेची परीक्षा दिली, पास झाली, लग्न झालं, संसार चांगला झाला. बाबा शेवटपर्यंत विचारत राहिले की एवढी हुशार पोरगी भौतिकशास्त्र काहून सोडून गेली. काकांची तब्येत होती, घरची ओढ होती. कारणं शोधली तर बरीच निघतात. पण त्यांतलं एक मला माहीत आहे, कारण ते मी तिला तिच्या गाडीच्या खिडकीतून दिलं होतं.

ती शिबिराला निघाली तेव्हा स्टेशनावर सोडायला मी आणि बाबा गेलो होतो. आईनं तिळाची चटणी, दशम्या आणि खव्याची जलेबी बांधून दिली होती. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. बाबा तिची सुरई भरायला नळावर गेले. ती खिडकीत बसली होती, नवी ओढणी, केसांना तेल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की माझ्याच्यानं बघवेना. मी मनाशी म्हटलं, आता खरं सांगून टाकू, मन हलकं होईल. मी खिडकीचे गज धरले आणि म्हणाले, "विशू, तो आठ तू नव्हता लिहिला. मी केला होता. तू शहपुऱ्याले गेली तेव्हा."

ती आधी हसली, मी चेष्टा करते असं वाटून. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं ती चिडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी ठेवली होती. ती कितीतरी वेळ मांडीवरच्या डब्याची गाठ चाचपत राहिली.

"बाकीचं तर मोठ्या लोकांना आधीच माहीत आहे म्हणे," ती म्हणाली. "मॅडमच म्हणाल्या. त्यात माझं काही होतं तर ती चूकच होती."

माझे हात गजांवरच होते.

"काहून सांगितलं तू मले हे, सुजा? इतके दिवस नाही सांगितलं. आजच काहून?"

तेवढ्यात बाबा सुरई घेऊन आले. गाडी हलली. तिनं बाबांना हात केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही उभे होतो. सायकल काढताना बाबा म्हणाले, "रडून राहिली होती ना? घर सोडताना होते तसं." मी मान हलवून 'हव' म्हटलं. घरी पोचलो तर आईनं वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी करून ठेवल्या होत्या. मी हातपाय धुतले, खिडकीजवळ ताट घेऊन बसले आणि तीन भाकरी खाल्ल्या. चौथी मागितली तेव्हा आई हसून म्हणाली, "आज बरी भूक लागली तुले."